गिरणगावात कामगारांच्या वतीने कोण बोलणार?

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये शंभराहून अधिक वर्षे मजुरी, कामाचे तास, बोनस, महागाई भत्ता आणि कामाचा बोजा यांवरून तंटे होत राहिले. दर वेळी मागण्या बदलल्या, पण एक प्रश्न कायम राहिला: कामगारांच्या वतीने मालकाशी बोलायचे कोणी? सुरुवातीला मुकादम बोलत असे. मग समाजसुधारक आणि वकील बोलू लागले. त्यानंतर लाल बावट्याच्या गिरणी कमिट्या आल्या आणि शेवटी कायद्याने हा अधिकार एकाच संघटनेच्या हाती दिला. गिरणी उद्योगातील मालक-कामगार संबंधांचा इतिहास मोठ्या अंशी या एका प्रश्नाभोवती फिरतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिथे सूत निघू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापारात मुंबईत अफाट पैसा आला आणि त्यातला काही पुढे गिरण्यांत गुंतला. एकोणिसावे शतक संपेपर्यंत गिरण्यांची संख्या सत्तरच्या पुढे गेली. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी हा सारा पट्टा धुराड्यांनी आणि चाळींनी भरला. त्याचेच पुढे गिरणगाव झाले.

इथे कामाला येणारा माणूस प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, पुणे आणि कोल्हापूर या भागांतला होता. पुढे उत्तर भारतातले विणकरही आले. कोकणात खोतीखालच्या तुकड्यावर कुटुंबाचे पोट भरत नव्हते, म्हणून घरटी एखादा माणूस मुंबईला यायचा, गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा, खाणावळीत जेवायचा आणि उरलेले पैसे मनिऑर्डरने गावी धाडायचा. पेरणीला, शिमग्याला, गणपतीला तो गावी जाई. गावाशी असलेले हे नाते मालकांना कामगाराच्या अस्थिरतेचा पुरावा वाटे. वस्तुस्थिती अशी की या नात्याखेरीज मुंबईतला एकही लांब संप टिकला नसता. संप लांबला की कामगार गावाकडे वळत आणि मुंबईत उरलेल्यांचा भार वाणी व खाणावळवाल्या बाया उधारीवर पेलत. मालकापाशी कापसाचा आणि कापडाचा साठा असे, कामगारापाशी एवढाच आधार होता.

गिरणीचा कारभार मॅनेजिंग एजंटच्या पेढीकडे असे. अनेक पेढ्यांना तयार होणाऱ्या किंवा विकल्या जाणाऱ्या मालावर कमिशन मिळे, त्यामुळे त्यांचे लक्ष उत्पादनाच्या आकड्यावर खिळलेले असे. खात्यावर देखरेख करणारा मास्तर बहुधा लँकेशायरहून आलेला इंग्रज किंवा पारशी. त्याची आणि साच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाची भाषा एक नव्हती, वस्ती एक नव्हती. या दोघांमधली जागा मुकादमाने, म्हणजे जॉबरने, भरून काढली.

जॉबरचे काम कागदावर साधे होते. खात्यात पुरेसे हात उभे करायचे, यंत्रे चालू ठेवायची आणि शिस्त राखायची. प्रत्यक्षात कामगाराचे सारे आयुष्यच त्याच्या हातात असे. सकाळी भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या फाटकाशी बदली कामगारांची गर्दी जमे आणि खाडे पाहून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. नोकरी लावून देण्याबद्दल आणि ती टिकवण्याबद्दल तो दस्तुरी घेई. अडीनडीला व्याजाने पैसे देई, खोली मिळवून देई, ओळखीच्या वाण्याकडे खाते उघडून देई. चाळीतल्या तालमीशी आणि सणांच्या वर्गणीशीही त्याचा संबंध असे. स्त्रियांच्या खात्यांत, विशेषतः वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये, हेच स्थान नायकिणीचे होते.

जॉबरला केवळ मालकाचा हस्तक समजणे अपुरे आहे. त्याची सत्ता दोन्हीकडून मर्यादित होती. तो फार पिळू लागला तर माणसे दुसऱ्या जॉबरकडे जात, खात्यात हात कमी पडत आणि मास्तर त्यालाच काढून टाकी. म्हणून मजुरी कापली गेली किंवा वाईट कापसामुळे सूत वारंवार तुटू लागले, तर कित्येकदा जॉबरच आपली माणसे घेऊन खाते बंद करी. गिरण्यांतले सुरुवातीचे कितीतरी संप असे एका खात्यापुरते, एक-दोन दिवसांचे आणि जॉबरच्या पुढाकाराने झाले. दुसऱ्या बाजूला संप फोडण्यासाठी नवी माणसे आणणाराही तोच असे. कामगाराची तक्रार वर नेणारा एकमेव माणूस त्याचा सावकार आणि कामावर घेणारा अधिकारीही असणे, हा या व्यवस्थेतला मूळ दोष होता. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली आयोगाने, भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा अशी शिफारस केली. तोवर ही पद्धत पाऊण शतक चालली होती.

मालकांनी मात्र आपली संघटना लवकर बांधली. ‘बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन’ १८७५ मध्ये अस्तित्वात आली. कामगारांच्या बाजूने असा पहिला प्रयत्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी केला. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईतून चालवले. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर आणि कामावर जखमी झालेल्याला मदत, अशा त्यातल्या मागण्या होत्या. आज त्या इतक्या मामुली वाटतात की त्या मागाव्या लागल्या हेच लक्षात राहत नाही. तेव्हा गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले आणि मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हाती येई. खराब निघालेले कापड विणकराच्या माथी मारून त्याचे पैसे पगारातून कापले जात.

१८९० च्या एप्रिलमध्ये रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर मालकांच्या असोसिएशनने रविवारची सुट्टी मान्य केली. १० जून १८९० पासून ती लागू झाल्याचे मानले जाते. लोखंड्यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ला ना वर्गणी होती, ना सभासदांची नोंदवही. अर्थात ती आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तरीही जॉबरच्या पलीकडचा कोणी कामगारांच्या नावाने बोलतो आणि मालकांना त्याचे ऐकावे लागते, हे तिथे पहिल्यांदा घडले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत लोखंडे गेले आणि हे काम थांबले.

पुढची वीस वर्षे कामगारांच्या हिताचे काम सुशिक्षित मंडळींच्या संस्थांनी केले. सीताराम केशव बोले यांची कामगार हितवर्धक सभा आणि ना. म. जोशी यांची १९११ मधली सोशल सर्व्हिस लीग या त्यांपैकी प्रमुख. त्यांचा भर शाळा, वाचनालये, औषधपाणी, सहकारी पतपेढ्या आणि मालकाशी सामोपचाराने बोलणी यांवर होता. १९०८ चा संप मात्र कोणत्याही संस्थेने पुकारलेला नव्हता. २२ जुलैला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरण्यांतले कामगार सहा दिवस बाहेर राहिले. लष्कर बोलावले गेले, गोळीबार झाला. त्या संपात मजुरीचा प्रश्न नव्हता, पण एका गिरणीबाहेर, एका जॉबरच्या माणसांपलीकडे साऱ्या गिरणगावाला एकत्र थांबता येते याचा अनुभव कामगारांना तिथे मिळाला.

पहिल्या महायुद्धाने गिरण्यांना भरमसाट नफा दिला आणि कामगारांना महागाई. १९१९ च्या जानेवारीत लाखाहून अधिक कामगार संपावर गेले, १९२० मध्ये पुन्हा गेले. दोन्ही वेळा संप आधी झाला आणि पुढारी नंतर शोधले गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईतच अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली आणि लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२४ च्या सुरुवातीला बोनसवरून मोठा संप झाला. युद्धकाळातल्या नफ्यातून मालक काही वर्षे बोनस देत आले होते, तो त्यांनी थांबवला होता. मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर वा रूढीसिद्ध हक्क नाही. पुढच्याच वर्षी मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. कामगार सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत बाहेर राहिले, सरकारने कापडावरची साडेतीन टक्के जकात स्थगित केली आणि मालकांनी कपात मागे घेतली. एवढ्या मोठ्या संपातून मिळालेला विजय टिकवायला गिरणीच्या आत कोणतीही यंत्रणा नव्हती. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला तेव्हा मुंबईत जोशींची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन आणि अर्जुन आत्माराम आळवे प्रभृती कामगारांनी चालवलेले गिरणी कामगार महामंडळ या दोन संघटना होत्या. दोन्हींचे सभासद एकूण कामगारांच्या मानाने थोडे होते.

हे चित्र १९२८ मध्ये बदलले. मालकांनी ‘रॅशनलायझेशन’च्या नावाखाली कामाची फेरमांडणी सुरू केली होती. रिंगखात्यात एका माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायच्या, साळखात्यात विणकराने दोनऐवजी तीन माग चालवायचे. विणकरांची मजुरी साडेसात टक्क्यांनी घटवण्याचाही प्रस्ताव होता. जपानी कापडाच्या स्पर्धेमुळे खर्च कमी करणे भाग आहे, असे मालकांचे म्हणणे होते आणि स्पर्धा खरीच होती. पण साचे जुने, कापूस हलका, खाते दमट आणि कामगाराने मात्र दुप्पट हात चालवायचे, हा हिशेब कामगारांना मान्य होण्यासारखा नव्हता. शिवाय दोन माणसांचे काम एकाला दिले की दुसरा बदलीच्या रांगेत जातो, हे फाटकावर रोज दिसत होते.

२६ एप्रिल १९२८ रोजी सुरू झालेला हा सार्वत्रिक संप ६ ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. मे महिन्यात ‘गिरणी कामगार युनियन’ स्थापन झाली. तिचे नाव पुढे लाल बावटा युनियन असेच रूढ झाले. आळवे अध्यक्ष, आणि सोबत श्रीपाद अमृत डांगे, शां. स. मिरजकर, र. शि. निंबकर, के. एन. जोगळेकर. वैशिष्ट्य असे की संप चालवण्यासाठी कम्युनिस्ट आणि ना. म. जोशी यांच्यासारखे मवाळ एका संयुक्त संप समितीत बसले. समितीने सतरा मागण्या लिहून काढल्या आणि वाटाघाटी कलमवार केल्या. रोज सभा होत, धान्यवाटपाची केंद्रे चालत, बाहेरून मदत येई. सोव्हिएत रशियातल्या कापड कामगारांनी पाठवलेली मदत सरकारला फार खुपली. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली आणि न्यायमूर्ती चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली.

संपापेक्षा त्यानंतरचे सहा महिने अधिक महत्त्वाचे आहेत, आणि इतिहासलेखनात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. युनियनची सभासदसंख्या १९२८ च्या अखेरीस पन्नास हजारांच्या वर गेली. गिरणीगणिक कामगारांच्या कमिट्या उभ्या राहिल्या. खात्याखात्यातून निवडलेले प्रतिनिधी वर्गणी गोळा करत, दंड, बडतर्फी, खराब सूत, जॉबरची दडपशाही अशा तक्रारी मॅनेजरपुढे नेत आणि निकाल लागला नाही तर युनियनच्या कचेरीत आणत. कामगाराची तक्रार त्याच्याच शेजारच्या साच्यावरचा, त्याने निवडलेला माणूस वर नेतो, ही गोष्ट मुंबईच्या गिरण्यांत प्रथमच घडत होती. जॉबरच्या सत्तेला खरा शह यातूनच बसला. फॉसेट समितीपुढे दोन्ही बाजूंनी महिनोन्महिने साक्षी दिल्या, दरपत्रके तपासली गेली, तंटे सोडवण्यासाठी संयुक्त मध्यस्थीचे नियमही तयार झाले. मालकांनी या कमिट्यांना मान्यता देऊन हीच वाट पुढे चालवली असती तर गिरणी उद्योगाचा पुढचा अर्धशतकाचा इतिहास वेगळा झाला असता. मालकांना कमिट्या म्हणजे शिस्तीवरचे आक्रमण वाटले. युनियननेही लहानसहान कारणांवर खाती बंद होऊ दिली आणि आपल्या बळाचा अंदाज चुकवला. २० मार्च १९२९ रोजी कम्युनिस्ट कटाच्या आरोपावरून भरलेल्या मीरत खटल्यासाठी देशभर अटका झाल्या. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आणि आळवे सगळेच गजाआड गेले. बडतर्फींवरून २६ एप्रिलला पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप सप्टेंबरपर्यंत रेटला गेला आणि फसला. कमिट्या मोडल्या. त्यांत पुढे आलेली माणसे गिरण्यांनी वेचून बाहेर काढली.

कामगार म्हणजे एकसंध समूह, हे गृहीतही १९२८ नेच तपासायला लावले. साळखात्यात मजुरी सर्वांत चांगली होती आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण विणकर विटाळाचे कारण पुढे करत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संप समितीपुढे हा मुद्दा स्पष्टपणे मांडला: सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली करण्याची मागणी समितीने मालकांपुढे ठेवली पाहिजे. समितीने ती नाइलाजाने स्वीकारली. मालकांनी, हा अडथळा आपण घातलेला नाही, असे उत्तर दिले. ते उत्तर खोटे नव्हते आणि म्हणूनच ते कामगार चळवळीला आजही टोचले पाहिजे. खाती त्यानंतरही दीर्घकाळ जातीनिहाय राहिली.

स्त्रियांचे असेच झाले. १९२० च्या दशकात गिरण्यांत दर पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री होती. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या स्त्रियांनी संपांत पुढाकार घेतला. तरी प्रत्येक वाटाघाटीत पुरुषांच्या नोकऱ्या वाचवण्यालाच अग्रक्रम मिळाला. रात्रपाळीवरची बंदी, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आणि वाइंडिंग-रीलिंग खात्यांतली यंत्रांची फेरमांडणी यांचे निमित्त करून मालक स्त्रियांच्या जागा कमी करत गेले आणि संघटनांनी त्यासाठी एकही मोठा लढा दिला नाही. स्वातंत्र्यानंतर गिरणीतली स्त्री कामगार हळूहळू जवळपास दिसेनाशी झाली. संपांचा भार उधारीवर पेलणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियांची संघटना, प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ, तर १९७५ साली उभी राहिली.

१९३० च्या दशकात सरकारने तंटे मिटवण्याचे काम कायद्याच्या चौकटीत आणायला सुरुवात केली. १९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर मुंबई प्रांताने तडजोडीचा कायदा केला आणि कामगारांच्या तक्रारी मालकांकडे नेण्यासाठी सरकारी लेबर ऑफिसर नेमला. १९३५ मध्ये मालकांच्या असोसिएशनने बदली नियंत्रण योजना आणली. बदली कामगारांना कार्डे मिळाली, दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी नोंद होऊ लागली आणि जॉबरचा फाटकावरचा मनमानी अधिकार आकसला. लेबर ऑफिसरमुळे काही तक्रारी मार्गी लागल्या हे खरे. पण युनियनला टाळून तक्रार सोडवण्याचा रस्ता सरकारने खुला केला, हेही तितकेच खरे.

१९३८ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. नोटीस आणि तडजोडीचे टप्पे पुरे होण्याआधी केलेला संप त्याने बेकायदा ठरवला. आंबेडकरांनी विधिमंडळात त्यावर कडाडून टीका केली. संपावर बंदी म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन पक्ष त्या दिवशी एका व्यासपीठावर होते.

या कायद्यामागची कल्पना अहमदाबादहून आली होती. तिथे १९१८ च्या संपात गांधीजींनी उपोषण केले, आनंदशंकर ध्रुव लवाद झाले आणि कामगारांना ३५ टक्के वाढ मिळाली. १९२० मध्ये अनसूया साराभाई आणि शंकरलाल बँकर यांच्या पुढाकाराने मजूर महाजन उभे राहिले. प्रत्येक तंटा आधी लवादाकडे न्यायचा, संप शेवटचा उपाय, असे त्याचे सूत्र होते. अहमदाबादला ते चालले, कारण महाजनाच्या मागे तिथल्या कामगारांचा मोठा भाग स्वखुशीने उभा होता. याच महाजनात घडलेले गुलझारीलाल नंदा मुंबई प्रांताचे मजूरमंत्री झाले आणि त्यांच्या काळात १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. एका शहरातल्या एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक संघटना’ असेल, वाटाघाटी तिच्याशीच होतील, आणि तिने केलेला करार सभासद असो वा नसो, सर्व कामगारांना बंधनकारक राहील, अशी त्याची रचना होती. मुंबईच्या कापड उद्योगात हा दर्जा काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला. सभासदत्व मोजण्याची पद्धत वर्गणीच्या नोंदवह्यांवर बेतलेली होती. गुप्त मतदानाची तरतूद कायद्यात नव्हती. पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज या एका उणिवेत होते.

सुरुवातीला या व्यवस्थेने बरेच काही दिले, ते नाकारण्याचे कारण नाही. औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने गिरणी कामगाराचे किमान मूळ वेतन ३० रुपये ठरवले, निरनिराळ्या गिरण्यांतले दर एका पातळीवर आणले आणि महागाई भत्ता निर्वाहखर्चाच्या निर्देशांकाशी जोडला. ज्या समान दरांसाठी वर्षानुवर्षे संप झाले, ते एका निवाड्याने आले. पण १९५० मध्ये बोनसवरून समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संप पुकारला तेव्हा सुमारे दोन लाख कामगार ६३ दिवस बाहेर राहिले. प्रातिनिधिक संघटना त्या संपाच्या विरोधात होती. कामगारांनी आपले म्हणणे पायांनी सांगितले आणि कायद्याने ते ऐकायला नकार दिला. त्याच वर्षी अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र घालून दिले, त्या खटल्यात कामगारांच्या बाजूचा पक्षकार होता तोच मजदूर संघ. रस्त्यावरची ताकद एकीकडे आणि सहीचा अधिकार दुसरीकडे, ही विभागणी तेव्हापासून पक्की झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव लाल बावट्याच्या आणि समितीच्या मागे होते, परंतु वेतनकरारावर सही मजदूर संघाचीच राहिली. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत शिवसेना जिंकली. लाल बावट्याची पकड सैल झाली. १९७४ मध्ये डांग्यांच्या नेतृत्वाखालचा ४२ दिवसांचा संप कामगारांच्या दृष्टीने फारसे न मिळवता संपला.

तोवर मुंबईतल्या इंजिनिअरिंग, रसायन आणि औषध कारखान्यांतले पगार गिरण्यांच्या कितीतरी पुढे गेले होते. एकेकाळी गिरणी कामगार हा शहरातला वजनदार कामगार होता. आता त्याच चाळीतला कारखान्यात जाणारा धाकटा भाऊ त्याच्याहून जास्त कमवत होता. १९८१ च्या दिवाळीत बोनसचा करार झाला आणि तो कामगारांना पटला नाही. काही गिरण्यांतले कामगार इंजिनिअरिंग कारखान्यांतले कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या दारात गेले. सामंतांनी त्यांना शोधले नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी साठच्या आसपास गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणे होते, आणि त्यांच्या बरोबरीने औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची मागणी होती.

संप बेकायदा ठरला. सामंतांच्या संघटनेशी बोलणी केली तर प्रातिनिधिक संघटनेचा कायदेशीर दर्जा धोक्यात येतो, म्हणून सरकारने आणि मालकांनी बोलण्याचे टाळले. मजदूर संघाशी करार करता येत होता, पण त्याच्या सांगण्यावरून कामगार कामावर येत नव्हता. तोडग्याला वाव असता तरी तो कोणाशी करायचा, याचे उत्तर कायद्यापाशी नव्हते. सामंतांचीही चूक होती. एका कारखान्याचा मालक महिन्या-दोन महिन्यांत वाकतो, हा त्यांचा इंजिनिअरिंग उद्योगातला अनुभव गिरण्यांना लागू नव्हता. अनेक मालकांकडे न विकलेला माल पडून होता, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेता येत होते आणि गिरणीखालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची होत चालली होती. माघारीचा रस्ता आखून ठेवणे हे नेतृत्वाचे काम होते, ते झाले नाही. कामगारांनी दागिने विकले, गावी जाऊन मोलमजुरी केली, मुलांच्या शाळा सोडवल्या. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, बाकीच्या हळूहळू कमी माणसांवर सुरू झाल्या आणि हजारो कामगारांना परत घेतलेच गेले नाही. १९८४ च्या निवडणुकीत गिरणगावाने सामंतांना लोकसभेवर पाठवले. राजीव गांधींची लाट देशभर असताना हा निकाल लागला. मतपेटी मिळाली तेव्हा कामगारांनी आपला प्रतिनिधी कोण ते सांगितले होते. १६ जानेवारी १९९७ रोजी सामंतांचा खून झाला.

कायदा त्यानंतरही तसाच राहिला. गिरण्या बंद करण्याचे, स्वेच्छानिवृत्तीचे आणि पुनर्वसन योजनांचे करार झाले तेव्हा कामगारांच्या बाजूची सही प्रातिनिधिक संघटनेचीच होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग सार्वजनिक जागा आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा फार घटवला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. दत्ता इस्वलकर यांच्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने थकीत देणी आणि घरे यांसाठी १९८९ पासून जो लढा दिला, तो कोणत्याही मान्यताप्राप्त दर्जाशिवाय दिला. म्हाडाने २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली, ती प्रामुख्याने अशा संघटनांच्या रेट्यामुळे.

इतर उद्योगांसाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये केलेल्या कायद्यातही मान्यता सभासदसंख्येवरच, ३० टक्क्यांच्या अटीवर, बेतलेली होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवण्यासाठी ५१ टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट घातली आणि तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तिथे अनेक संघटनांच्या वाटाघाटी परिषदेची तरतूद केली. १९४६ च्या कायद्यात अशी बहुमताची कसोटी असती, तर १९५० मध्ये किंवा फार तर १९८२ मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने कोण बोलणार हे मतमोजणीने ठरले असते. संप तरीही झाला असता, गिरण्याही कदाचित कधीतरी बंद पडल्या असत्या. पण अडीच लाख माणसांचा तंटा, ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याशी वाटाघाटी न करता, वर्षानुवर्षे कुजत ठेवणे सरकारला आणि मालकांना शक्य झाले नसते.